शाळा सोडल्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बरेच रकाने असतात. विद्यार्थ्याचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख. मुलागणिक हे रकाने बदलतात. (वर्तणुकीचा फारसा बदलत नाही. मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावणाऱ्याच्याही दाखल्यावर आम्ही 'चांगली' असंच लिहीत आलो. पंधराव्या वर्षीचा वात्रटपणा माणसाच्या मागे जन्मभर कशाला लावून द्यायचा?) पण एक रकाना असा, की दहावी पास झालेल्या मुलाच्या बाबतीत तो काही न विचारता भरला जातो. 'शाळा सोडल्याचे कारण'. तिथे दोनच शब्द येतात, 'पुढील शिक्षणासाठी'.

रत्नागिरीजवळच्या, खाडीपलीकडच्या एका शाळेत १९८२ ते २०१८ अशी छत्तीस वर्षं मी लेखनिक होतो. शिक्षकांना मुलं 'सर' म्हणतात, शिपायाला 'मामा' आणि आम्हाला 'भाऊसाहेब'. दरवर्षी शंभराच्या आतबाहेर मुलं दहावीतून बाहेर पडायची. म्हणजे तीन-साडेतीन हजार वेळा तरी मी ते दोन शब्द लिहिले असतील. शाईचं पेन जाऊन बॉलपेन आलं, पुढे संगणकातून छापील दाखला निघू लागला, तरी त्या रकान्यातला मजकूर काही हलला नाही.

मुख्याध्यापकांची सही होऊन येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जात. तेवढ्या वेळात टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलाशी आणि त्याच्याबरोबर आलेल्या मोठ्या माणसाशी बोलणं व्हायचं. खरं कारण तिथे कळायचं. कुणी लालबागला मामाच्या खोलीवर जाणार, दिवसा दुकानात उभा राहणार आणि रात्रीच्या कॉलेजात नाव घालणार. कुणाच्या काकाने अंधेरीला कुठल्याशा कंपनीत 'शब्द टाकलेला' असायचा. एखादी मुलगी विरारला बहिणीचं बाळ सांभाळायला निघालेली. "तिकडंच बघील पुढचं काय ते," असं तिची आई सांगायची आणि मुलगी खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहायची. एखाद्याला दाखला हवा असायचा तो पासपोर्टासाठी, कारण चुलता मस्कतला होता. दाखल्यावर सगळ्यांचं कारण एकच. ते अगदीच खोटं होतं असंही नाही. त्यालाही शिक्षणच म्हणायचं.

इतर गावांत निकाल लागला की 'पुढे काय?' असं विचारतात. आमच्याकडे विचारतात, 'पुढे कुठे?' मुंबई, पुणे, कोल्हापूर. गेल्या काही वर्षांत पनवेल आणि वसई-विरारही. जायचं हे आधीच ठरलेलं असतं. कशासाठी, ते तिथे गेल्यावर.

या 'कुठे'ची किंमत मोजायची तर दोन आकडे शेजारीशेजारी ठेवावे लागतात. पहिला आकडा अभिमानाचा आहे. २०१२ साली रत्नागिरीला कोकण विभागीय परीक्षा मंडळ आलं. त्याआधी आम्ही कोल्हापूर मंडळात होतो. नवं मंडळ दोनच जिल्ह्यांचं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. दहावीला बसणारी मुलं पंचवीस-तीस हजारांच्या घरात, राज्यात सर्वांत कमी. पण तेव्हापासून दहावीच्या निकालात या मंडळाने पहिला नंबर सोडलेला नाही. २०२४ मध्ये राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, कोकणचा ९९.०१. २०२५ मध्ये राज्याचा ९४.१०, कोकणचा ९८.८२. बारावीलाही तीच तऱ्हा. २०२५ साली राज्य ९१.८८ आणि कोकण ९६.७४. दरवर्षी बातमीचा मथळा तोच असतो, आत फक्त टक्के बदलायचे.

दुसरा आकडा जनगणनेचा. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी झाली. साथ आली नव्हती, दुष्काळ पडला नव्हता, धरणाखाली तालुका गेला नव्हता. त्याच जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या, राज्यात सर्वाधिक. बाहेरगावच्या वक्त्यांना हा आकडा फार आवडतो. मुलींचा मान राखणारा जिल्हा म्हणून आमचं कौतुक होतं. आम्ही टाळ्या वाजवतो. पुरुष कुठे गेलेत ते आम्हाला ठाऊक असतं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, नाही तर हा आकडा पुढे कुठवर गेला तेही दिसलं असतं. मला त्याची चुणूक शाळेच्या पटावरून लागत होती. एके काळी दोन तुकड्या बसायच्या, पुढे एकीचेच बाक भरेनात.

जनरल रजिस्टर नावाचं एक जाडजूड पुस्तक प्रत्येक शाळेत असतं, ते कधी रद्दीत जात नाही. हे दोन्ही आकडे मला त्यात एकाच ओळीवर दिसायचे. डावीकडे नाव, उजवीकडे 'एस.एस.सी. उत्तीर्ण', आणि त्याच्या पुढे 'दाखला दिला'.

जाणं हे काही आजचं नाही. टिळकांचा जन्म रत्नागिरीतला, १८५६ चा. वडिलांची बदली झाली आणि दहाव्या वर्षी ते पुण्याला गेले. पण मला जास्त जवळचे वाटतात ते मुरूडचे धोंडो केशव कर्वे. १८७५ च्या पावसाळ्यात हा मुलगा परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेला. एकशे दहा मैल, भर पावसात, सह्याद्री चढून. साताऱ्यात त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. कारण काय, तर तू लहान दिसतोस. कर्व्यांचा जन्म एप्रिल १८५८ चा, म्हणजे सतरा पूर्ण झाली होती. पण किरकोळ अंगाचा मुलगा, चेहऱ्यावर वय दिसत नव्हतं. जसा गेला तसा परत आला. मॅट्रिक व्हायला त्यांना १८८१ साल उजाडलं, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तेही मुंबईत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. महिला विद्यापीठ, १९५८ चं भारतरत्न. त्यांनी 'आत्मवृत्ता'त ही हकिगत लिहून ठेवली आहे. मी ती वाचली तेव्हा लेखनिकाच्या नजरेने वाचली. 'जन्मतारीख अक्षरी' हा रकाना किती महत्त्वाचा, हे मला कुठल्याही शासकीय परिपत्रकापेक्षा या गोष्टीने जास्त पटवलं.

आणि गंमत अशी की त्यानंतर सत्तर वर्षं उलटली तरी रत्नागिरीच्या मॅट्रिकवाल्याला पुढे शिकायचं तर गाव सोडावंच लागे. इथे कॉलेज निघालं १९४५ साली, गोगटे कॉलेज, आजचं गोगटे-जोगळेकर. तोवर मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'मॅट्रिक झाला आणि बोटीत बसला' असं एकच वाक्य असायचं, जणू ती एकच क्रिया आहे.

माझा थोरला भाऊ १९७२ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक झाला. निकाल लागला तेव्हा पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या, म्हणून तो एसटीने गेला. लालबागला गावकीची खोली होती. पाळीपाळीने झोपायचं, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला, खानावळ शेजारी. गिरणीत आधी बदली कामगार, मग कायम. दर महिन्याला मनिऑर्डर यायची आणि पोस्टमनने आईचा अंगठा घेतला की घरात चार दिवस साखरेचा चहा व्हायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढच्या वर्षी गणपतीला भाऊ घरी आला, तो परत गेलाच नाही. त्याची मनिऑर्डर थांबली आणि माझा पगार सुरू झाला, या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वर्षातल्या. योगायोग खरा, पण घर त्यावर उभं राहिलं.

मी स्वतः १९७६ ची दहावी. दहावीची एस.एस.सी. नवी नवी होती. गावात आम्हाला मॅट्रिकच म्हणत. घरी कुणीतरी शेताला हवं म्हणून मला पाठवलं नाही. रोज खाडी ओलांडून रत्नागिरीला गेलो, बारावी झालो, बी.कॉम. झालो. माझ्या बरोबरीचे सतरापैकी चौदा मुंबईला गेले. मी राहिलो.

हा 'राहिला' शब्द मोठा दुष्ट आहे. 'तो गणितात राहिला' म्हणजे नापास झाला. 'तिचं लग्न राहिलं' म्हणजे जमलं नाही. 'काम राहिलं', 'जेवण राहिलं', सगळीकडे काहीतरी बिनसल्याचाच अर्थ. आणि 'तो गावातच राहिला' हे वाक्य आमच्याकडे नेमक्या त्याच सुरात म्हणतात. लग्नाच्या बोलण्यांत तर हे चांगलंच कळतं. मुलगा भांडुपच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहत असला तरी 'मुंबईला असतो'; आणि इथे स्वतःच्या घरात, स्वतःच्या कलमांत काम करणारा 'काही करत नाही, गावीच असतो'. माझ्या भावाने १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कातळालगतच्या वरकस जागेत हापूसची चाळीस कलमं लावली. पुढे ती लागती झाली, घराला स्लॅब पडला. तरी गावाने त्याला 'संपात परत आलेला' हीच ओळख शेवटपर्यंत दिली.

कोकण रेल्वे आल्यावर हे बदलेल असं पुष्कळांना वाटलं होतं. २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. आमच्या शिक्षकखोलीत तेव्हा रोज वाद झडायचे. रेल्वे आली की कारखाने येतील, मुलं इथेच थांबतील, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसऱ्या पक्षाचे पुढारी इतिहासाचे सर होते. ते म्हणायचे, "रेल्वे आधी माणसं नेते, मग बघू काय आणते ते." काही कारखाने आले, नाही असं नाही. पण गणपतीत आणि शिमग्याला भरून येणारी आणि त्यानंतर भरून जाणारी गाडी पाहिली, की इतिहासाच्या सरांची आठवण होते. दहा दिवस वाडीत पाय ठेवायला जागा नसते. अकराव्या दिवशी पडवीला कुलूप.

माणसं आली, पण ती भलत्याच दिशेने. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येऊ लागली. मिरकरवाड्याच्या होड्यांवर खलाशी नेपाळी दिसू लागले. माझ्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांत प्रवेशअर्जावर 'जन्मस्थळ : नेपाळ' असं लिहिण्याची वेळ येऊ लागली. एका वर्षी मराठीत वर्गात पहिली आली ती बागेतल्या राखण्याची मुलगी. तिच्या बापाला विचारलं, "एवढ्या लांबून इथे कसे आलात?" तो म्हणाला, "इधर काम है, साब." मी मान हलवली. त्याच टेबलावर त्याच आठवड्यात दहा आईबाप सांगून गेले होते, की इथे काही काम नाही, म्हणून पोराला पाठवतोय. दोघांचंही खरं होतं, हे मला आजही नीट कुणाला समजावून सांगता येत नाही. बागेच्या राखणीत जो पैसा नेपाळातल्या घराला पुरतो, तो इथल्या दहावी झालेल्या मुलाला पुरत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, नव्व्याण्णव टक्के निकाल लावून झाल्यावर मुलाने होडीवर जायचं तर मग शाळेत घातलंच कशाला, असं आईबापाला वाटतं. तसं वाटण्यात त्यांचं काय चुकतं?

मधल्या काळात इथेच राहून करता येईल असा एक रस्ता निघाला होता, डी.एड.चा. बारावी, दोन वर्षं डी.एड., मग जिल्हा परिषदेची शाळा. मुलींना तर हा रस्ता देवाने दिल्यासारखा वाटला. सायकलवर जाता येईल अशी नोकरी, लग्नातही उपयोगी. घराघरांत डी.एड. झाल्या. मग २०१० नंतर शिक्षकभरती आटली, २०१३ पासून वर टीईटी नावाची परीक्षा आली, आणि इकडे वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत शिकायला मुलंच उरली नाहीत. शिकवायला तयार झालेली पिढी होती, पण ज्यांना शिकवायचं त्यांच्या आईबापांना आम्हीच दाखले देऊन मुंबईला पाठवलं होतं. त्या मुलींपैकी काही आज कापडाच्या दुकानात आहेत, काही बचतगटात. एक माझ्याकडे दुसऱ्या प्रतीसाठी आली होती, मूळ दाखला कुठे हरवला म्हणून. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "भाऊसाहेब, हे अजून चालूच आहे."

२००९ सालची एक गोष्ट सांगतो. मच्छीमाराचा मुलगा, दहावीला एक्क्याऐंशी टक्के. बापाची होडी, पण मुलाला जाळ्यापेक्षा इंजिनाचं वेड. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढतात, तेव्हा हा दिवसभर मिस्त्रीच्या मागे पाना घेऊन फिरायचा. त्याला डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करायचा होता, इथेच. बाप संतापला होता. एक्क्याऐंशी टक्के मिळवून हात काळे करायचे? कल्याणला आत्याकडे ठेवू, सायन्सला घालू, इंजिनिअर होईल. मुलगा हळूच म्हणाला, "इंजिनावरच जायचंय ना, मग इथनं का नाही?" बाप हसला नाही, मला मात्र हसू आवरेना. सही होऊन दाखला आला. तो कल्याणला गेला, बारावीत एका विषयात राहिला (पुन्हा तोच शब्द), दोन वर्षांनी परत आला आणि आयटीआयला बसला. आज बंदरावर इंजिन अडलं की त्याला हाक मारतात. पण तो सुखी झाला म्हणून ही गोष्ट मी सांगत नाही. मासळी कमी झाली आहे, होड्यांचे मालक कर्जात आहेत, त्याची बिलं थकतात. सांगायचं ते इतकंच, की त्याच्या घरी त्या पंधरा-वीस मिनिटांत रत्नागिरी हा पर्याय म्हणून कुणी धरलाच नव्हता.

आणि पर्याय नाहीत असं म्हणता येत नाही. शहराला लागून शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. तिथे राज्यभरातून मुलं समुद्र शिकायला येतात. शासकीय तंत्रनिकेतन आहे. २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर जागांचं. सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर पांढरे कोट घातलेली मुलं दिसली की आमच्या पिढीची माणसं थांबून बघतात. यातलं काही मुंबईशी तोलायचं नाही. इथे कॉलेज मिळालं तरी नंतरची नोकरी इथे मिळेल याची हमी मी देणार नाही. पगाराचं म्हणाल तर ठाण्याच्या निम्म्यावर समाधान मानावं लागतं, आणि ज्या मुलीला या गावच्या डोळ्यांखालून सुटायचंय तिला मी 'थांब' म्हणून कधी सांगणार नाही. माझी स्वतःची मुलगी ठाण्याला आहे, आणि तिथे ती मला बरी दिसते. पण जाणाऱ्याने विचार करून जावं आणि थांबणाऱ्याने लाज न बाळगता थांबावं, एवढी तरी सोय घरात असायला हवी. आमच्याकडे थांबायला कारण द्यावं लागतं. जायला लागत नाही.

आता अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत, २०२५ पासून सगळ्या राज्यात. निवृत्तीनंतरही शेजारपाजारची मुलं मोबाइल घेऊन माझ्या ओटीवर येतात, कारण रकाने भरणं हे माझं काम, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. त्या पहिल्याच वर्षी वाडीतली एक मुलगी आली. दहावीला शहाऐंशी टक्के. वडील भांडुपला, ही आणि तिची आई इथे. वडिलांच्या मनात तिला तिकडे न्यायचं होतं. तिला इथे सायन्सला जायचं होतं, आणि जमलं तर बारावीनंतर शिरगावला. पसंतीक्रमाच्या जागी बोट ठेवून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "काका, तुमच्यासमोरच फोन लावते."

फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला. मागून लोकलच्या अनाउन्समेंटचा आवाज येत होता, वडील बहुधा फलाटावर होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. कॉलेज कुठलं, विषय कुठले, शिरगावला काय शिकवतात, त्याला कुठली परीक्षा द्यावी लागते. तिकडून प्रश्न आला, "रोज जाणार कशी?"

"सकाळची एसटी आहे ना बाबा, वाडीच्या फाट्यावरून. पाऊण तासात पोचते."

"आणि पैसे?"

"बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो."

एक गाडी आली आणि गेली, तेवढा वेळ कुणी बोललं नाही. मग वडिलांनी विचारलं, "येताना शेवटची गाडी किती वाजता आहे?"